व्हिक्टरचा पेला

१९५४ साली वसईजवळच्या भुईगावची लुईझा बोटीने आणि आगगाडीने स्वित्झर्लंडातल्या लोझानला गेली, ती मुलाचं, व्हिक्टरचं, ठरलेलं लग्न मोडायला. तळ्याकाठच्या त्या शहराला द्राक्षमळ्यांचा वेढा होता आणि व्हिक्टरची होणारी बायको मादलेन वाइन करणाऱ्या घरातली होती. लुईझाचा नवरा दारूपायीच गेला होता. पहिल्याच जेवणाला मादलेनचे वडील बाटली घेऊन एकेकाचा पेला भरू लागले. लुईझाने उचललेला घास परत ताटात ठेवला. व्हिक्टरपाशी येताच त्यांनी बाटली ठेवली आणि त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. "तुला का नाही रे?" तिने विचारलं. "आई, बाबांचं मी यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हापासून मला पाणीच मिळतं. मादलेनही माझ्यासोबत तेच पिते." लुईझाने मोकळा श्वास घेतला. पिशवीतली घरच्या केळ्यांची सुकेळी काढून तिने मादलेनच्या हातावर ठेवली. "व्हिक्टर, विचार हिला, लग्नात आमचं लाल लुगडं नेसशील का?"