हिस्टेरियाचा अर्थ

मुरुडजवळच्या एका खेड्यातला भागवत बायकोला घेऊन लातूरच्या डॉक्टर बाईंकडे आला होता. उज्वला मान खाली घालून बसली होती आणि तिच्या वतीनं तोच बोलत होता.

"मॅडम, हिला हिस्टेरिया हाय. गावातला डॉक्टरच म्हणला. मधीच घामानं भिजती, छाती धडधडती म्हणती, रडाया लागली की थांबतच न्हाई. लई नाटकं करती. चार लोकांत मान खाली घालावी लागती मला."

"हा शब्द आम्ही आता वापरत नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "अर्थ माहीत आहे का त्याचा? ग्रीक भाषेत हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. बाईची पिशवी जागा सोडून अंगभर फिरते, म्हणून ती अशी वागते, असं फार पूर्वी समजायचे."

भागवत हसला. "मंजी खरंच हाय की! दोष पिशवीचाच."

तेव्हा उज्वलानं पहिल्यांदा मान वर केली.

"पण मॅडम, मला पिशवीच न्हाई. काढलीय. तवापासूनच होतंय हे."

डॉक्टर बाईंनी चमकून तिच्याकडं पाहिलं. ती पस्तिशीचीसुद्धा दिसत नव्हती.

"इतक्या लवकर? काय त्रास होता?"

उज्वलानं नवऱ्याकडं पाहिलं.

भागवतचं हसू कधीच गेलं होतं. "त्रास काई नव्हता," तो पुटपुटला. "पाळी आली की ऊसतोडीला खाडा पडायचा हिचा. मीच काढाया लावली."