बँडवाल्याचा घागरा

कापसानं पुन्हा दगा दिला, तसा संजय यवतमाळच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवू लागला. घरी मात्र सांगितलं, लोहारा एमआयडीसीतल्या कंपनीत लागलो.

"चुन्या मांगं, सपाट बाजू पुढं, अन् गुडघे दिसले पाह्यजे!" बँडचे जफरमास्तर त्याला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पद्धतीचा आखूड घागरा, नेसवताना बजावायचे.

दारव्ह्याच्या वरातीत त्या किल्टचा पट्टाच तुटला. दोन्ही हात अन् तोंड बॅगपाइपमध्ये अडकलेलं.

"ओ ताई, घागरा सांभाळा!" लोक खिदळले.

तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या अन् कुणीतरी कमरेला नाडीची करकचून गाठ मारली. त्याला वळून पाहताही आलं नाही.

रविवारी तांड्यावरच्या घरी जेवायला वाढताना आईनं विचारलं, "कंपनीत बरं चालून राह्यलं ना, बाबा?"

"हो," म्हणत त्यानं मान खाली घातली.

ताटाशेजारी घागऱ्याची नवीकोरी नाडी ठेवलेली होती.