काचेवरची वाफ

घाटात पाऊस कोसळत होता, पण गाडीच्या काचेतून लख्ख ऊन दिसत होतं.

“काका, उजवीकडे बघा,” गाडी म्हणाली. “हिमनदीने कोरलेली दरी. धबधबे मोजून सतरा!”

न्यूझीलंडच्या या राष्ट्रीय उद्यानात अच्युतराव सोहोनी तीस वर्षांनी आले होते. तेव्हा बरोबर बायको, कुंदा होती, आणि तीन दिवसांत पावसाने त्यांना एकही शिखर दिसू दिलं नव्हतं.

“काचेवरचं हे खोटं ऊन बंद कर, काच साधी कर,” ते म्हणाले.

“मग काहीच दिसणार नाही, काका. बाहेर नुसतं धुकं आहे.”

“मागच्या वेळी तरी कुठे दिसलं होतं? आणि ते काच सुकवणारं वारंही बंद कर. गाडी तूच चालवतेयस ना? मग झालं तर.”

ऊन विझलं. समोर करडा पाऊस तेवढा उरला.

मागच्या वेळी दोघांच्या श्वासाने काचेवर सारखी वाफ धरायची. कुंदा जुन्या सुती साडीचा बोळा घेऊन आधी त्यांच्यासमोरची काच पुसायची, मग स्वतःसमोरची, आणि वर ओरडायची, “अहो, रस्त्याकडे बघा, माझ्याकडे काय बघताय!”

तो बोळा त्यांनी आठवणीने आणला होता. तो शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवून ते वाट बघत बसले.

पाच-सात मिनिटांत त्यांच्यासमोरची काच पांढरी झाली. शेजारच्या सीटसमोरची मात्र स्वच्छच राहिली. तिच्यातून बाहेरचा पाऊस अगदी नीट दिसत होता.