पाठांतर

"कागद आत न्यायचा नाही हं," गाडीतून उतरता उतरता नवऱ्यानं तिला बजावलं. "त्याची खसखस थेट माझ्या कानात येते. मग लक्ष उडतं."

"ठाऊक आहे हो. रोज काय सांगता?" संवादाची पानं त्याच्या हातात देऊन ती मोकळी झाली. कागद हवाय कुणाला? कालपासून ती तेच तर घोकत होती. तो समोरच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकायचा आणि संपलं की म्हणायचा, "पुन्हा एकदा. पहिल्यापासून."

मालिकेतला आजोबा होता तो. भूमिका भारदस्त, पण चाळीस वर्षं पडदा गाजवलेल्या माणसाच्या लक्षात आता चार वाक्यं राहत नव्हती. चॅनलवाल्यांना कळलं असतं, तर त्यांनी पुढच्याच भागात आजोबांना हृदयविकाराचा झटका देऊन मोकळं केलं असतं. म्हणून ही युक्ती. त्याच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र आणि सेटमागच्या खोलीत माइकपुढे ती. ती वाक्य पुटपुटायची, तो ते उचलायचा. दिग्दर्शक आणि साउंडवाला सोडले तर कुणाला पत्ता नव्हता.

तिला स्वतःला हल्ली काम नव्हतं. एका मालिकेत ती सासू होती, चांगली ठसकेबाज. एक दिवस लेखकांनी त्या सासूला परदेशातल्या लेकीकडे धाडलं ते कायमचंच. लेखकांची लहर, दुसरं काय! तिनंही मनाला लावून घेतलं नाही. नेमकं त्याच सुमारास नवऱ्याचं हे विसरणं सुरू झालं होतं.

घरात तर नुसता सावळागोंधळ. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. भाजीत दोनदा मीठ पडायचं. एकदा रिकाम्या भांड्याखाली गॅस जळत राहिला, भांडं काळंठिक्कर पडलं. ती कडाडली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "माझंच गं चुकलं. डोकं ठिकाणावर नसतं." तेव्हापासून तिनं त्याला रागावणंच सोडलं. लिफ्टमध्ये शिरला की रोज विचारायचा, "आपला मजला कितवा गं?" ती हसून बटण दाबायची आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा खुलायचा.

दोघं डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टर सगळं तिच्याकडेच बघून बोलले. साहजिक होतं. पेशंटला बिचाऱ्याला काय सांगणार? "पाठांतर सुटू देऊ नका," ते म्हणाले. "रोज काहीतरी नवं पाठ व्हायला हवं. आता तोच आधार."

पण हा गृहस्थ पाठ करायला बसला की दुसऱ्या ओळीला अडायचा आणि पानं तिच्या मांडीवर टाकायचा. "तूच कर माझ्यासाठी." ती करायची. त्याचं औषध आपणच गिळतोय असं तिला वाटायचं, अपराधी वाटायचं. पण त्याचं काम गेलं, तर तो खचेल, ही धास्ती त्याहून मोठी होती.

आजचा प्रसंग अवघड होता. भांडणाऱ्या मुलांपुढे आजोबा घराच्या किल्ल्या ठेवतात आणि सलग पानभर बोलतात. चॅनलच्या बाई मुद्दाम बघायला आल्या होत्या.

"ताई, आज ते अडखळले तर माझ्या हातात काही राहणार नाही," दिग्दर्शकानं तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"नाही अडखळायचे. मी आहे ना," ती म्हणाली.

तिनं हेडफोन चढवले. नवऱ्याच्या कॉलरमधल्या माइकमुळे त्याचा श्वाससुद्धा तिला ऐकू येत होता. समोरच्या छोट्या पडद्यावर तो उभा होता.

"या भिंती मी उभ्या केल्या," ती पुटपुटली.

"या भिंती मी उभ्या केल्या," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसलेल्या साउंडवाल्यानंसुद्धा मान वर केली.

चार-पाच वाक्यं झकास गेली.

"तुमची आई गेली त्या दिवशी..." ती म्हणाली.

त्यानं ते उचललं. आणि पुढचं वाक्य तिला सापडेना. काल कितीदा तरी म्हटलेलं, जिभेवर बसलेलं वाक्य. आता तिथं काहीच नव्हतं. तिनं हातांनी टेबल चाचपलं. कागद नव्हता. पडद्यावर नवरा किल्ल्या हातात धरून ताटकळला होता.

"अहो," ती माइकमध्ये कशीबशी म्हणाली, "मला आठवत नाहीये हो."

त्याचे डोळे भरून आले. मग तो बोलू लागला. "तुमची आई गेली त्या दिवशी मी दाराला कडी लावली नाही. वाटलं, येईल परत." त्याच्या पुढचं वाक्य, त्याच्याही पुढचं, अख्खं पान. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

टाळ्या पडल्या. चॅनलच्या बाई डोळे पुसत होत्या. साउंडवाला सेटकडे धावला. ती एकटीच खोलीत बसून आनंदानं रडत होती. त्याला आठवलं! औषध लागू पडलं!

चालू कॉलर माइकवर निर्मात्याला शिव्या घालून भल्याभल्यांनी कामं घालवली होती. तिचा नवरा मात्र शॉट संपला की आधी ते बटण बंद करायचा, ते कधी म्हणून विसरला नव्हता. आज विसरला. हेडफोनमध्ये त्याची पावलं वाजत होती. तिला रडता रडता हसू आलं. चला, म्हणजे अगदीच बरा नाही झालेला!

दार लागल्याचा आवाज आला. मग दिग्दर्शकाचा.

"आजोबा, तुम्हाला तर सगळं पाठ होतं. मग इतके दिवस हे कानातलं खूळ कशासाठी?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"डॉक्टर म्हणालेत," तिचा नवरा म्हणाला, "तिचं पाठांतर सुटता कामा नये."