हलकं हवं

"हे उचलून बघ," म्हातारा हायरम म्हणाला आणि त्याने दुसरं रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवलं. "पोलादी आहे. अस्वल समोर आलं की जडपणाचं कौतुक वाटतं."

नोरीनने ते उचललं आणि परत ठेवलं. तिला पहिलंच हवं होतं, टायटॅनियमचं, निम्म्या वजनाचं. नवऱ्याला हलकं लागतं, ती म्हणाली. हे हायरमला सांगायची गरज नव्हती. वेंडेल दात घासायच्या ब्रशचा दांडा कापून डोंगरात जातो हे अलास्कातल्या त्या एवढ्याशा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"त्याच्या या खुळापायी तू विधवा होशील, पोरी," हायरम म्हणाला. मग त्याने समजावलं. हलक्या रिव्हॉल्वरला दणका फार. त्यात अस्वलासाठीची जड काडतुसं भरली, की पहिला बार उडताच बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या त्या दणक्याने पुढे सरकतात आणि काडतुसांचं फिरतं चक्र जागच्या जागी अडकतं. दुसरा बार होतच नाही.

"पहिली गोळी कधी दगा देत नाही," तो म्हणाला. "पण एका गोळीत अस्वल मरत नाही, नुसतं पिसाळतं. तेव्हा हे घेणार असशील तर काडतुसंही हलकी ने."

नोरीनने हलकी काडतुसं घेतली आणि घरी जाताना पुलावरून नदीत टाकून दिली. जड काडतुसं तिने आठवड्यापूर्वीच दुसऱ्या गावातून आणून ठेवली होती.

तिला वेंडेल मेलेला हवा होता. दर ऑगस्टला, नदीत मासे चढले की तो एकटाच सहा दिवस वरच्या तळ्यावर जायचा. गेल्या वर्षी त्याने मोझेसला बरोबर नेलं. मोझेस तिचा कुत्रा, चौदा वर्षांचा. परत आला तो वेंडेल एकटाच, खिशात पट्टा घेऊन. "म्हातारा झाला होता," तो म्हणाला होता, "ओझंच होतं." मग तो अंघोळीला गेला होता. त्या दिवसापासून तिच्या मनात हेच घोळत होतं.

वेंडेलने रिव्हॉल्वर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं आणि बायकोकडे कौतुकाने पाहिलं. वीस वर्षांत असं त्याने क्वचितच पाहिलं असेल. हायरम काय म्हणाला, त्याने विचारलं.

"पहिली गोळी कधी दगा देत नाही म्हणाला."

"मग झालं तर. एकच लागते."

अस्वलाच्या डोळ्यांत मारायच्या फवाऱ्याची बाटली त्याने सामानातून काढली. रिव्हॉल्वर असताना ते वजन कशाला? मग काड्यापेटीतल्या काड्या मोजता मोजता तो सहज म्हणाला, "या वेळी तूही चल."

नाही म्हणावं, तर वेंडेल ते हायरमला सांगणार, आणि उद्या वेंडेल परतला नाही की हायरमला संशय येणार. खरं सांगावं, तर नदीतल्या काडतुसांचं काय सांगायचं? त्यात वेंडेलने तिच्यासाठी एक जाकीट आणलं होतं, आत पिसं भरलेलं, घडी केली की मुठीत मावेल असं. खांद्यांत जरा मोठंच होत होतं. ती येते म्हणाली.

सोमवारी निघाले. सगळं खाणं वेंडेलने स्वतः बांधलं होतं, वाराप्रमाणे पिशव्या करून, अस्वलाला उघडता येत नाही त्या डब्यात. डबा त्याच्याच पाठीवर. तिचं ओझं त्याने मुद्दाम कमी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी नदीच्या वळणावर एक अस्वलीण दोन पिल्लांसह मासे खात उभी होती. तिने मान वर केली. वेंडेलचा हात कमरेकडे गेला आणि नोरीन त्याच्या पाठीमागे सरकली. ज्याच्या मरणासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या केसालाही धक्का लागू नये म्हणून ती देवाला विनवत होती. ज्याच्यासाठी खड्डा खणला, त्याच्या बरोबरीने आपणही काठावर उभं राहायचं, हे काही तिने ठरवलं नव्हतं. अस्वलीण फुरफुरली आणि झाडीत गेली.

बुधवारी दुपारी तळं आलं. तिथेच एका सपाट दगडापाशी मोझेसला पुरलंय, असं तिने न विचारताच वेंडेलने सांगितलं. नोरीनने मनाशी ठरवलं, आता आणखी तीन दिवस, मग पुन्हा याच्याबरोबर कधीच नाही. पुढच्या वर्षी तो एकटा येईल.

"डब्यातून चहा आण," त्याने सांगितलं. खाण्याच्या वासाने अस्वल येतं म्हणून डबा नेहमीप्रमाणे तंबूपासून शंभर पावलांवर ठेवलेला होता.

चहा तळाशी होता, म्हणून तिने वरच्या पिशव्या बाहेर काढल्या. गुरुवार. जवाच्या पिठाचं एकच पाकीट, एकच सुकं मटण, एकच चॉकलेट. तिला वाटलं, चुकून राहिलं. तिने शुक्रवार उघडला. मग शनिवार. तिन्हीत एकेकच.

वजनाच्या बाबतीत वेंडेल कधी चुकत नसे.

मागे पाचोळा वाजला. तिने वळून पाहिलं. तो दहा पावलांवर उभा होता, रिव्हॉल्वर हातात.

"जाकीट काढून बाजूला ठेव," तो म्हणाला. "भोक पडेल."