फाट्यावरची शाळा

"आमी ऊस तोडून गावाकडं आलो की तुमी शाळेला कुलूप ठोकताव, अन् वर माझ्या दैवशालालाच ढ म्हणताव?" झुंबरबाई हेडमास्तरांवर कडाडली. लेक चौथ्यांदा पहिलीत बसणार होती. "बाई, हिला अक्षर तरी येतं का?" हेडमास्तर हसले. पण नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मायलेकी देवगाव फाट्यावर काकड्या विकायच्या. एसटी थांबली की कंडक्टर गावांची नावं ओरडायचा अन् दैवशाला एसटीच्या पाटीवरच्या अक्षरांवर बोट फिरवत तीच ओरडायची. पाट्या पाठ झाल्यावर भज्यांच्या पुड्यांचे कागद वाचायला लागली. "द्या कुठलंबी पुस्तक!" झुंबरबाई आता हेडमास्तरांना म्हणाली. हेडमास्तरांनी मुद्दाम तिसरीचं दिलं. दैवशालानं कंडक्टरच्याच खणखणीत आवाजात अख्खा धडा वाचला. वर्गातली पोरं खो-खो हसली, पण ती कुठं अडली नाही. झुंबरबाईनं तिला तिसरीच्या पहिल्या ओळीत नेऊन बसवलं. "सांगा गुरुजी, हिला इथून उठवायला काय कारण हाय?"