दुपारचा पीएच

सकाळी अकरा : ८.२

“चुन्याची निवळी टाकीत थेंब थेंबच सोडता ना, अक्का?”

“सलाईनसारखी,” सुनंदाबाई म्हणाल्या.

हितेंद्रने टाकीवरच्या पीएच मोजणाऱ्या डबीतला आकडा वहीत टिपला. पूर्वी तो शेतात ठिबकच्या नळ्या बसवायचा. आता जळगावात लोकांच्या घरच्या, शोभेच्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो. ही टाकी सुनंदाबाईंना त्यांच्या मुलाने, योगेंद्रने दिली होती. वडील गेले, आई एकटी पडली म्हणून. तो बंगळुरूला. पाण्याचा पीएच मिनिटामिनिटाला त्याच्या फोनवर जायचा.

सकाळी सगळं ठीक असायचं. दोननंतर आकडा घसरायचा. रोज. योगेंद्रने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, पण हितेंद्रला चैन पडेना. असंच चाललं तर टाकीतले प्रवाळ झिजणार.

“दुपारी या खोलीत कोण असतं?”

“मी. आणि मासे.”

दुपारी पावणेतीन : ७.८

तो न सांगता आला. खिडक्या बंद, एसी चालू, आणि टाकीसमोर सतरंजीवर पाच बाया पत्ते खेळत बसलेल्या.

सुनंदाबाईंनी हातातली पानं पदराखाली घेतली.

“योगेंद्रला सांगू नका, भाऊ. आमच्यामुळे टाकी बिघडते असं कळलं तर तो हे बंद करेल. वर्षभर मी कुणाशी धड बोलले नव्हते. ही भिकुबाई मासे बघायला म्हणून आली, मग या बाकीच्या. या टाकीनेच माणसं आणली हो घरात.”

“बंद खोलीत पाच जणींचा श्वास,” हितेंद्र म्हणाला. “तोच पाण्यात उतरतो, अक्का. पाणी आंबट होतं, आकडा खाली येतो.”

“आते आमना दम बी मोजस का हाई डबी?” भिकुबाईने विचारलं, आणि सतरंजीभर हसू पसरलं.

खिडकी उघडावी तर बाहेर पंचेचाळीस.

दुसरा दिवस, दुपारी तीन : ८.२

भिंतीला एक भोक. त्यातून ठिबकची नळी, बाहेरून आत, थेट टाकीच्या हवेच्या पंपाला जोडलेली. पाण्याला अंगणातली हवा, बायांना एसीची. डाव रंगात आला तरी आकडा जागचा हलला नाही.

सुनंदाबाईंनी त्याच्या हातात पन्ह्याचा ग्लास दिला. “पुढचा डाव तुमच्या नावाचा,” त्या म्हणाल्या. डोळे भरले होते.

तेवढ्यात हितेंद्रचा फोन वाजला. योगेंद्र. शाबासकी मिळणार असं वाटून तो ग्लास घेऊन बाहेर ओट्यावर आला.

“हितेंद्रभाऊ, आई फोन उचलत नाहीये. आत्ताच्या आत्ता घरी जा.”

“मी इथेच आहे, साहेब. अक्का मजेत आहेत. फोन स्वयंपाकघरात असेल. आज नळी बसवली, आता पीएच घसरायचा नाही.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“उपकार झाले, भाऊ. पण ती नळी काढा. प्रवाळ मी नवे आणीन. आई घरात कॅमेरा लावू देत नाही. दुपारी आकडा घसरला की मला कळतं, ती श्वास घेतेय. आणि खूप घसरला की कळतं, ती एकटी नाही.”